किती गेलं आणि काय गेलं

मागच्या व्याख्यानात आपण भूक आणि इच्छा यांतला फरक पाहिला. ते संपल्यावर एका श्रोत्या बाईंनी आम्हाला गाठलं. त्या वजन कमी करण्याचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा घेतात. म्हणाल्या, “सर, आता भूकच लागत नाही. मग जेवायचं कशासाठी?” आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. पण प्रश्न मनातून जाईना. म्हणून आज त्याचं उत्तर इतिहासात शोधू या.

सुरुवात १९४४ च्या अखेरीपासून करू. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि युरोपात उपासमार पसरली होती. उपाशी माणसांना पुन्हा अंगावर कसं आणायचं, हे कळावं म्हणून अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. हाती शस्त्र घ्यायला सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेले ३६ तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. बटाटे, पाव, सलगम असं खाणं. वजन जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटलं. अंगातली ताकद गेली, आणि डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. ते पाककृतींची पुस्तकं वाचत, ताटल्या चाटून पुसत. म्हणजे बघा, शरीर स्वतःलाच खर्ची घालत होतं आणि भूक ओरडून ते सांगत होती. भूक ही जाच खरीच, पण ती राखणदारही आहे.

आता १९७६ कडे येऊ. अमेरिकेत रॉबर्ट लिन नावाच्या डॉक्टरांचं ‘द लास्ट चान्स डाएट’ हे पुस्तक गाजलं. जेवण बंद करायचं आणि द्रवरूप प्रथिनं प्यायची, असा त्यांचा मार्ग. हजारो लोकांनी तो धरला आणि वजनं भराभर उतरली. पण ती प्रथिनं आली कुठून? कत्तलखान्यात उरलेल्या कातड्या आणि स्नायुबंध यांपासून. हलक्या प्रतीचं प्रथिन ते. पुढच्या एकदोन वर्षांत अशा आहारावर असलेल्या पन्नासहून अधिक जणांच्या मृत्यूंची सरकारी पातळीवर चौकशी झाली. त्यांतले कित्येक हृदयाचे ठोके बिघडून अचानक गेले होते. वजनकाटा मात्र त्यांना शेवटपर्यंत शाबासकीच देत होता.

इथे तत्त्वज्ञानातला एक जुना भेद कामी येतो. ‘किती’ हा एक प्रश्न आणि ‘काय’ हा दुसरा. काटा पहिल्याचं उत्तर देतो. दुसरा प्रश्न त्याला विचारताच येत नाही.

आजच्या औषधांचा जन्म एका सरड्यामुळे झाला म्हटलं तरी चालेल. जेवणानंतर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक स्रवतं, पण ते रक्तात काही मिनिटंच टिकतं. १९९२ मध्ये जॉन एंग यांना ‘गिला मॉन्स्टर’ या विषारी सरड्याच्या विषात त्याच्यासारखंच, पण जास्त टिकणारं द्रव्य सापडलं. त्यावरून तयार झालेलं औषध २००५ मध्ये मधुमेहासाठी मंजूर झालं. त्याच्या पुढच्या पिढीतलं सेमाग्लुटाइड २०२१ मध्ये अमेरिकेत वजनासाठी मान्य झालं. १,९६१ जणांच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं. ही कामगिरी खरी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण त्यांतल्याच १४० जणांच्या शरीराची मोजणी केली, तेव्हा गेलेल्या वजनात जवळजवळ ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. त्यात पाणी वगैरे येतं, सगळा स्नायूच असतो असं नाही, पण स्नायूही असतो. आणि या वेळी राखणदार ओरडत नाही. औषधाने त्याला झोपवलेलं असतं.

आपल्याकडे ही गोष्ट जास्त गंभीर का, ते पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून ठेवलं आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्यातल्या अनेकांची स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असते. कमी शिल्लक असलेल्याने जपून खर्च करायला हवा.

आमच्याच घरातलं सांगतो. आमच्या धाकट्या भावाला मधुमेह आहे. वय ६६. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड भारतात आलं आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने ते सुरू केलं. आठ महिन्यांत १४ किलो उतरले. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. मग एकदा घरच्या पूजेनंतर तो पंगतीत खाली बसला आणि त्याला उठताच येईना. दोन्ही हात टेकले तरी जमेना, शेवटी पुतण्याने उचललं. चौकशी केली तेव्हा कळलं की सकाळी चहा-बिस्किट, दुपारी अर्धी पोळी, रात्री चार घास ताकभात. उसळ जड वाटते म्हणून सोडली, अंडं नको वाटतं म्हणून सोडलं. दर भेटीत त्याचं वजन आणि साखर पाहिली जात होती, पण ताटात काय आहे हे कुणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

आता आहारतज्ज्ञ बाईंनी ताटाचा क्रम बदलला आहे. पहिले घास प्रथिनांचे : घट्ट वरण, मुगाची उसळ, दही, पनीर, अंडं. भात-पोळी नंतर. थोडं थोडं, पण चार-पाच वेळा. पाणी आठवणीने. आठवड्यातून तीनदा ताकदीचे व्यायाम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारावं. आणि उलट्या थांबत नसतील तर मुळीच वाट पाहू नये, कारण ब-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा काही आठवड्यांतच संपतो आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

भाऊ आता एक हात टेकून उठतो. गेलेलं सगळं परत येईल, असं कुणी म्हटलेलं नाही.

तर बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आजवर भूक आपल्या वतीने विचार करत होती, म्हणून ‘जेवायचं कशासाठी’ हा प्रश्न पडलाच नाही. ती गप्प झाली, तेव्हा तिचं काम आपल्याकडे आलं. आता घड्याळ पाहून जेवायचं, ताट पाहून जेवायचं. आणि घरच्यांनी “किती उतरलं?” एवढंच विचारून थांबू नये. “आज काय जेवलात?” हेही विचारावं.