हायबरी : एका क्रीडांगणाचे व त्याच्या परिसराचे नामवृत्त

उत्तर लंडनच्या इझलिंग्टन विभागातील हायबरी ही वसती फुटबॉलच्या आर्सेनल क्रीडांगणामुळे जगास परिचित झाली. हे क्रीडांगण १९१३ ते २००६ अशी त्र्याण्णव वर्षे वापरात होते. परिसराच्या दीर्घ इतिहासात हा काळ अल्पच म्हटला पाहिजे. तथापि, या अल्प काळात परिसरावर उमटलेले संस्कार कोणत्या स्वरूपाचे होते, आणि क्रीडांगण गेल्यावर त्यांपैकी काय टिकले, हा प्रश्न नागर इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारा आहे. त्याच्या उकलीस स्थळनामांचे साहाय्य होते.

'हायबरी' या नामातील 'बरी' हे पद प्राचीन इंग्रजीतील 'बुर्ह' या शब्दापासून आले असून येथे त्याचा अर्थ जहागिरीचा वाडा असा आहे. शेजारची कॅननबरी व बार्न्सबरी ही नावे अनुक्रमे सेंट बार्थोलोम्यूच्या मठातील धर्मोपदेशकांवरून व बर्नर्स घराण्यावरून पडली. हायबरीच्या नावास मात्र स्वामीचा नव्हे, तर उंच भूमीचा आधार आहे. 'बुर्ह' आणि संस्कृत 'बृहत्' यांचे मूळ एकच, व ते उंचीवाचक, असे सामान्यतः मानले जाते. ते ग्राह्य धरल्यास या नामात उंचीचा निर्देश दोनदा झाला आहे असे म्हणावे लागेल.

इ. स. १२७१ मध्ये ही जहागीर सेंट जॉनच्या धर्मयोद्धासंघाकडे आली. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात बंडखोरांनी येथील वाडा उद्ध्वस्त केला. कारण संघाचा प्रमुख सर रॉबर्ट हेल्स हाच राज्याचा कोषाध्यक्ष होता व नव्या डोईपट्टीचा रोष त्याच्यावर होता. पुढे त्या ओसाड जागेस बंडाचा एक पुढारी जॅक स्ट्रॉ याचे नाव मिळाले, आणि ती 'जॅक स्ट्रॉचा किल्ला' म्हणून ओळखली जाऊ लागली. वाडा पाडणाऱ्याचेच नाव लोकांनी वाड्याच्या जागेस दिले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याच जहागिरीच्या धान्यकोठाराची आठवण 'हायबरी बार्न' या नावात आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे एक प्रसिद्ध विहारोद्यान होते. भोवती घरे वाढली, गोंगाटाविषयी रहिवाशांच्या तक्रारी वाढल्या, आणि परवाना गमावल्यामुळे १८७१ मध्ये ते बंद पडले. कोठार गेले, उद्यान गेले. नाव आजही रस्त्यावर आहे.

रहिवासी आणि करमणूक यांचा हा संघर्ष १९१३ मध्ये पुन्हा उद्भवला. टेम्सच्या दक्षिणेस वुलविच येथील शाही शस्त्रागाराच्या कामगारांनी १८८६ मध्ये स्थापिलेल्या संघास तेथे प्रेक्षक पुरेनात. म्हणून त्याचे अध्यक्ष हेन्री नॉरिस यांनी हायबरीतील एका धर्मशास्त्र विद्यालयाची क्रीडाभूमी एकवीस वर्षांच्या पट्ट्याने घेतली. गुड फ्रायडे व नाताळ या दिवशी सामने न खेळण्याची अट तीत होती. रहिवाशांनी, तसेच शेजारच्या टॉटनहॅम संघाने विरोध केला. परंतु या वेळी तो निष्फळ ठरला. १८७१ मध्ये करमणुकीच्या जागी घरे आली होती. १९१३ मध्ये घरांच्या मध्यभागी करमणूक आली. १९२५ मध्ये संघाने ही जमीन विकतच घेतली.

संघाबरोबर 'आर्सेनल' हा शब्दही नदी ओलांडून आला. अरबी 'दार अस्-सिनाआ', म्हणजे निर्मितीचे गृह, हा शब्दसमूह व्हेनिसच्या बोलीतून युरोपात पसरला. (यातील 'दार' म्हणजे घर, मराठी दाराशी त्याचा संबंध नाही.) हायबरीत शस्त्रागार कधीही नव्हते. तरीही १९०६ मध्ये उघडलेल्या 'गिलेस्पी रोड' या भुयारी स्थानकाचे नाव, संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्या आग्रहामुळे, १९३२ मध्ये 'आर्सेनल' असे बदलण्यात आले. फलाटाच्या भिंतीवरील फरशांवर जुने नाव अद्यापि वाचता येते.

त्याच वर्षी वेस्ट स्टँड व १९३६ मध्ये ईस्ट स्टँड उभा राहिला. एव्हनेल रोडवरील घरांच्या रांगेस लागूनच ईस्ट स्टँडचे भव्य दर्शनी अंग आहे. ९ मार्च १९३५ रोजी सुंडरलंडविरुद्धच्या सामन्यास ७३,२९५ प्रेक्षक होते. हिल्सबरो दुर्घटनेनंतरच्या टेलर अहवालामुळे (१९९०) सर्वांना आसने देणे अनिवार्य झाले आणि क्षमता सुमारे ३८,५०० वर आली. चहूबाजूंनी घरे असल्याने विस्तार अशक्यप्राय होता. ज्या वसतीच्या मध्यभागी असणे हे क्रीडांगणाचे वैशिष्ट्य होते, तीच त्याच्या स्थलांतराचे कारण झाली. ७ मे २००६ रोजी येथे शेवटचा सामना झाला, आणि संघ जवळच्याच ॲशबर्टन ग्रोव्ह येथे गेला.

त्यानंतर तेथे ७११ सदनिकांची 'हायबरी स्क्वेअर' ही वसाहत झाली. १९९७ पासून संरक्षित वास्तू असलेल्या ईस्ट स्टँडचे दर्शनी अंग राखले गेले. वेस्ट स्टँडची बाह्य रचनाही राहिली. दोन्ही टोकांची प्रेक्षागारे पाडण्यात आली. मैदानाच्या जागी उद्यान झाले. येथे एक भेद स्पष्ट होतो. कायद्याने भिंतीचे रक्षण होते, वापराचे होत नाही. सर्वसामान्य प्रेक्षक ज्या टोकांना उभा राहत असे ती टोके नाहीशी झाली, आणि राहिला तो वास्तुशिल्पाच्या दृष्टीने मोलाचा भाग. परिणामी, जतन झालेली वास्तू त्या स्थळाच्या सामाजिक इतिहासाचा अपुराच पुरावा ठरते.

ही उणीव नावे काही अंशी भरून काढतात. वाडा, कोठार, बंडखोर व शस्त्रागार यांपैकी प्रत्येकाचे नाव त्या त्या वस्तूच्या नाशानंतर, अथवा ती येथे कधी नसतानाही, रूढ झाले. मात्र नाव हे स्थळाच्या मूळ स्वरूपाचे साक्षीदार नसून, ते कोणाच्या बोलण्यात, तक्रारीत वा आग्रहात आले याचे साक्षीदार असते. हायबरीचा इतिहास लिहिताना नावांचा पुरावा याच मर्यादेत घेणे योग्य होय.