हुलगा, बाजरी, मिरची : पारनेरच्या ताटाची कुळकथा

पुणे-नगर रस्ता सोडून आत वळलं की पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी लागतं. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. वर्षाला ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. इथल्या माणसांनी रोज काय खायचं ते या पावसानंच ठरवलं. बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, मिरचीचा ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. हे जेवण आपण पूर्वापारचं म्हणून वाढतो आणि ते पूर्वापारचं आहेच. पण त्यातले तीन मुख्य जिन्नस तीन वेगवेगळ्या खंडांतले आहेत.

हुलगा इथलाच. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात, ते दक्षिण भारतात फार पूर्वीपासून पिकवलं जाणारं कडधान्य. पारनेरला लागूनच असलेल्या शिरूर तालुक्यात, घोडनदीकाठी इनामगावला, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीतल्या जळक्या दाण्यांमध्ये सातूबरोबर हुलगाही सापडला. हलकी जमीन आणि दोन-तीन पाऊस मिळाले तरी हे पीक तग धरतं.

त्याची शेंगोळी करणं हे हाताचं काम आहे. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, मिरची, मीठ घालून पीठ घट्ट मळायचं. तेलाचा हात लावून तळव्यांवर बारीक वळ्या करायच्या आणि टोकं जुळवून कडी करायची. लसणाच्या फोडणीत पाणी ओतून आधण ठेवायचं. पाणी खळखळून उकळल्यावरच शेंगोळी सोडायची. या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे कोमट पाण्यात ती विरघळतात, उकळत्या पाण्यात बाहेरून लगेच धरतात. शेवटी थोडं पीठ पाण्यात कालवून घातलं की रस्सा दाटतो. चण्याचं पीठ घालून शेंगोळी दिसायला तशीच होतील, पण हुलग्याचा खमंग, किंचित तुरट स्वाद त्यांना येणार नाही.

बाजरी आली आफ्रिकेतून. सहाराच्या दक्षिण कडेला, आजच्या मालीमध्ये, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती माणसाच्या शेतात आल्याचे पुरावे मिळाले आहेत. तिथून काही शतकांतच ती पश्चिम भारतात पोचली. कोरड्या मुलखातलं हे धान्य आपल्या कोरड्या मुलखात रुजलं, कारण दोन्हीकडच्या अडचणी सारख्याच होत्या. भाकरीची रीतही धान्याच्या स्वभावातून घडली. बाजरीतही चिकटपणा नाही, म्हणून एकेका भाकरीचं पीठ गरम पाण्यात तळव्याच्या टाचेनं रगडून मळायचं, परातीत थापायचं, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं आणि मग आरावर फुगवायची. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे दळलेलं पीठ लवकर कडवट होतं. थोडं थोडं दळून आणण्याची आजीची शिस्त त्यासाठीच होती.

मिरची सगळ्यांत धाकटी. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी तिखटपणासाठी मिरी होती, आलं होतं. आज मिरचीशिवाय पारनेरचं जेवण कोणाला सुचणारही नाही.

म्हणजे परंपरेनं नव्या जिनसाला कधी दार लावलं नाही. तिची अट एकच होती : आपल्या पावसात पिकेल आणि आपल्या हाताच्या रीतीला मानवेल तेच घरात येईल. २०१२ साली इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेनं आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं लोहाचं प्रमाण अधिक असलेलं ‘धनशक्ती’ हे बाजरीचं वाण दिलं. त्याची भाकरी जुन्याच रीतीनं थापली जाते, म्हणून ती परंपरेतलीच भाकरी आहे.

पावसाशी ही सांगड तुटली तर काय होतं, हेही या मुलखानं पाहिलं आहे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाल्ली आणि दुष्काळी कामांवर सुकडी नावाच्या कोरड्या खाद्यावर दिवस काढले. १९७५ मध्ये अण्णा हजारे राळेगणला परतले तेव्हा गावाला पुरेल एवढं धान्य गावात पिकत नव्हतं. मग त्यांच्या पुढाकारानं बंधारे झाले, पाणी अडलं, जिरलं. १९८० मध्ये मंदिरात धान्य बँक सुरू झाली : ज्याच्याकडे जास्त त्यानं द्यायचं, अडलेल्यानं न्यायचं आणि पुढच्या सुगीत वाढवून परत करायचं. पाणी आल्यावरही गावानं उसाला नकार दिला आणि कमी पाण्यावर येणारी कडधान्यं, तेलबिया लावल्या. पारंपरिक पाककृती जपण्यासाठी याहून मोठं काम मला माहीत नाही, कारण हुलगा शेतातून गेला की शेंगोळी फक्त वहीत उरतात.

म्हणून जुनी चव राखायची असेल तर सुरुवात बाजारातून करा. हुलगा मागून घ्या, बाजरी आठवड्यापुरतीच दळा आणि घरातल्या मुलामुलींना, दोघांनाही, भाकरी थापायला बसवा.