मुलांचे रात्रीचे अंथरूण ओले करणे : कारणे आणि उपाय

पाच वर्षांच्या मुलांपैकी साधारण १५ टक्के मुले झोपेत अंथरूण ओले करतात. त्यापुढे दरवर्षी त्यांतील सुमारे १५ टक्के मुलांची ही तक्रार उपचारांविना थांबते. त्यामुळे पाच वर्षांखालील मुलांना यासाठी औषध दिले जात नाही.

यात मुलाचा आळस वा हट्ट नसतो. रात्री मूत्रनिर्मिती कमी करणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक काही मुलांत अपुरे पडते, काहींच्या मूत्राशयाची धारणक्षमता कमी असते आणि मूत्राशय भरूनही मुलाला जाग येत नाही. आई-वडिलांपैकी एकाला बालपणी हा त्रास असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, तर दोघांनाही असल्यास ७७ टक्के असते. पालकांनी हे मुलाला मोकळेपणाने सांगितले, तर त्याची लाज बरीच कमी होते. शिक्षेने किंवा पाहुण्यांसमोर केलेल्या थट्टेने ती फक्त वाढते.

संध्याकाळनंतर पाणी तोडणे हा घरोघरीचा उपाय एकटा पुरेसा नाही. शाळेतील अस्वच्छ स्वच्छतागृह टाळण्यासाठी अनेक मुले दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि सारी तहान घरी आल्यावर भागवतात. दुपारपर्यंत भरपूर पाणी आणि दर दोन-तीन तासांनी लघवी, ही सवय लावण्यासाठी वर्गशिक्षिकेशी आधी बोलून ठेवावे. रात्री चहा व कोला टाळावा. बद्धकोष्ठाकडे हमखास दुर्लक्ष होते. साचलेल्या मळाचा दाब मूत्राशयावर येतो व तो दूर झाल्यावर काही मुलांचे अंथरूण कोरडे राहू लागते.

ओलावा लागताच वाजणाऱ्या गजराची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॉवरर दांपत्याने १९३८ मध्ये मांडली. ती आजही प्रभावी मानली जाते, मात्र दोन-तीन महिने चिकाटी लागते. गजराने बहुधा घर जागे होते, मूल नाही. सुरुवातीला पालकांनाच त्याला उठवून स्वच्छतागृहात न्यावे लागते. डेस्मोप्रेसिन हे औषध सहलीसारख्या प्रसंगी उपयोगी पडते, पण बंद करताच तक्रार अनेकदा परतते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. गोळीच्या एक तास आधीपासून नंतरचे आठ तास पाणी मर्यादित ठेवावे लागते. अन्यथा रक्तातील सोडियम घटून झटके येऊ शकतात.

सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागल्यास मानसिक ताण किंवा आजाराचा शोध घ्यावा. लघवीला जळजळ होत असेल किंवा दिवसाही कपडे ओले होत असतील, तर लघवीची तपासणी करावी. तहान खूप वाढून वजन घटत असेल, तर रक्तातील साखर त्याच दिवशी तपासून घ्यावी.