आधी केमो, मग ऑपरेशन: एका खोळंब्याची कुळकथा

धुळे-जळगावकडून परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला. पोराच्या गुडघ्यापाशी हाडाचा कॅन्सर निघाला, मग गाठ लगेच काढत का नाहीत? आधी दोन-तीन महिने केमो कशाला? हा क्रम कोणा पंडिताच्या सिद्धांतातून आलेला नाही. तो कारखान्यातल्या उशिरातून जन्मला.

१९७० पर्यंत ऑस्टिओसार्कोमावर, म्हणजे या हाडाच्या कॅन्सरवर, इलाज एकच, पाय तोडणे. तोडूनही पाचातले चार दगावत, कारण निदान होईतो रोग फुफ्फुसात शिरलेला असे. मग बोस्टनला नॉर्मन जाफे यांनी मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचे मोठाले डोस देऊन पाहिले. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमध्ये राल्फ मार्कोव्ह पाय राखून आत धातूचे हाड बसवू लागले. पण ते ज्याच्या-त्याच्या मापाने घडवायचे, त्यात दोन-तीन महिने जात. तोवर पेशंटला नुसते बसवून ठेवायचे? जेराल्ड रोझेन यांनी त्या मधल्या काळात केमो सुरू केली. त्यातून एक जादा लाभ झाला. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की औषध लागू पडले का, ते दिसे. नव्वद टक्के पेशी मेलेल्या असल्या तर आशा चांगली. पुढे तयार मापांचे कृत्रिम सांधे मिळू लागले, खोळंबा संपला. क्रम मात्र टिकला.

परदेशी सांधा आपल्या खिशाला झेपत नाही. म्हणून टाटामध्ये देशी सांधे आले आणि जुनी एक युक्तीही रुळली. रोगट हाडाचा तुकडा कापून गाठ खरवडतात, निर्जंतुक पिशव्यांत बांधून रेडिएशनच्या यंत्राखाली नेतात, एकाच दमात ५० ग्रे (रेडिएशनचे एकक) इतका मारा देतात आणि त्याच ऑपरेशनमध्ये पट्ट्या-स्क्रूंनी जागच्या जागी बसवतात. इस्रायलच्या डॉक्टरांनी ही युक्ती १९६८ मध्येच मांडली होती. हाड पेशंटचेच, त्यामुळे मापाची कटकट नाही!

आता लहानग्यांसाठी लांबवता येणारे सांधे आहेत, खारघरला प्रोटॉन रेडिएशनचे यंत्र आहे. मुख्य औषधे मात्र अजून चाळीस वर्षांपूर्वीचीच, हे काही भूषणावह नाही.

वाढत्या वयाच्या पोराचा गुडघा सुजला, रात्री ठणकू लागला, तर ‘मुका मार’ म्हणून चोळत बसू नका. आधी एक्स-रे काढा. आणि गाठीचा तुकडा तपासायची (बायोप्सीची) वेळ आली, तर जिथे ऑपरेशन व्हायचे तिथेच तो काढून घ्या. चुकीच्या जागी घेतलेल्या छेदापायी वाचणारा पाय जाऊ शकतो.