पिंप, तुंबा आणि ट्यूब

माझा एक वर्गमित्र पंचवीस वर्षांपासून अमेरिकेत आहे. हा आमच्या भिवंडीचाच. मध्यंतरी फोनवर चित्रं दाखवत होता. घराच्या तळघरात त्यानं बियर केली होती, आणि ती भरलेलं स्टीलचं एक छोटं पिंप मोठ्या कौतुकानं फिरवून फिरवून दाखवत होता. उंची गुडघ्याइतकी, पोटात साधारण 19 लिटर मावतात. वर दोन तोंडं. एकातून दाबाचा वायू आत जातो, दुसऱ्यातून बियर बाहेर येते. उचलायचं, गाडीत टाकायचं, मित्राच्या अंगणात नेऊन उघडायचं.

ही पिंपं मुळात बियरची नव्हतीच, हे त्यानंच सांगितलं. थंड पेयांच्या कंपन्या त्यांतून गोड पाक दुकानांना पुरवत. पुढं त्या कंपन्या खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांकडे वळल्या आणि रिकामी पिंपं स्वस्तात बाजारात आली. ती उचलली घरी बियर करणाऱ्यांनी. एकाच्या धंद्यातलं टाकाऊ भांडं दुसऱ्याच्या हौसेला आलं. ते ऐकताना मला दिघाशी आठवली, आणि अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान.

आधीच सांगून टाकतो, मी दारूला कधी शिवलेलो नाही. आमच्या घरात ती हराम. म्हणून चवीबद्दल माझी साक्ष निरुपयोगी आहे. भांड्यांबद्दल मात्र बोलू शकतो.

आमच्या भागातलं जुनं भांडं म्हणजे तुंबा, वाळवून आतून कोरलेला दुधी भोपळा. हलका, न गळणारा, खांद्याला अडकवता येणारा. वारली ज्या तारप्यावर नाचतात, त्या तारप्यालाही असाच भोपळा लागतो. एका भोपळ्यात वारा भरायचा, दुसऱ्यात ताडी. गोव्यात माडावर चढणाऱ्या रेंदेराच्या कमरेलाही भोपळाच असतो, त्याला तिकडं दुदिणें म्हणतात. ताडी भरलेल्या भांड्याचं तोंड कुणी घट्ट बंद करत नाही. पाला कोंबतात. कारण ताडी झाडावरून उतरतानाच आंबायला लागते, वायू सुटत राहतो, आणि कोंडलं तर भांडं फुटतं. अमेरिकेतलं पिंप तोच वायू कोंडून धरायला बनवलं आहे, आमचा तुंबा त्याला वाट द्यायला. मडक्याला आतून चुना फासला की आंबणं थांबतं आणि नीरा मिळते. हे ज्ञान कुठल्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही.

मोहाची गोष्ट वेगळी. वाळलेली फुलं चार-पाच दिवस भिजत घालायची, आंबली की मडक्यात उकळायची, वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या गार मडक्यात उतरवायची. लग्नात, मयतात, देवाला, सगळीकडं ती लागे. 1878 साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. ताडाच्या झाडावर कर बसला. सरकारला दारू नको होती असं मुळीच नाही. तिला कर न भरलेली दारू नको होती. मक्तेदाराच्या दुकानातून घ्या, मग हवी तितकी प्या. तरीही रानातल्या भट्ट्या थांबेनात, तेव्हा 1892 मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा झाला. आता फुलावरच पहारा! जे फूल आदिवासी भाजून, शिजवून खातो, दुष्काळात ज्यावर घर तगतं, ते घरात साठवणंच संशयाचं झालं. बाईच्या टोपलीत अन्न आहे की गुन्हा, हे शिपाई ठरवणार.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यामागची तळमळ खोटी होती असं मी म्हणणार नाही. दारूनं उठलेली घरं मीही पाहिली आहेत. पण बंदी आली आणि भांडं बदललं. भोपळा लांबून दिसतो, मडकं फुटतं. मग कुणाच्या तरी डोक्यात रबर आलं. फुटबॉलचे ब्लॅडर, गरम पाण्याच्या पिशव्या, आणि सगळ्यांत सोयीची टायरची ट्यूब. कापायची, एका टोकाला गाठ मारायची, भरायची, दुसरं टोक बांधायचं, कमरेभोवती गुंडाळून वर लुगडं नेसायचं. मुंबईत लोकलमधून अशी किती दारू गेली, याचा हिशेब कुणाकडं असणार?

1979-80 च्या सुमाराला मी दहा वर्षांचा होतो. सायकलची गिऱ्हाइकं संपली की तिन्हीसांजेला पाड्यावरची एक बाई यायची आणि ट्यूब पुढं करायची. "चाचा, यातून झिरपतंय." अब्बा ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडा शोधायचे, कानशीनं घासायचे, सोल्यूशन लावून पंक्चर काढायचे. पैसे घ्यायचे नाहीत. अम्मी चिडायची. दारू वाहून नेणाराही गुनाहगार, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. ती म्हणायची, "फुकट करता म्हणजे गुनाह कमी होतो का?" अब्बांकडं उत्तर नव्हतं. एकदा एवढंच म्हणाले, "पैसे घेतले तर मी तिच्या धंद्यातला भागीदार. आणि परत पाठवलं तर तिची पोरं आज काय खातील?"

एका उनाड पोरानं ट्यूबमध्ये ताडी भरून करकचून बांधली. एसटीत ती फुगत गेली आणि भर गर्दीत फाटली. मोहाची दारू उकळून काढलेली, ती फुगत नाही. ताडी गप्प बसत नाही, हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. चौकशी फिरत फिरत आमच्या दुकानाशी आली. शिपायानं विचारलं, ट्यूब कुणाच्या दुरुस्त करतोस? अब्बा म्हणाले, "हवा भरायच्या." त्यांना दिवसभर चौकीच्या बाकावर बसवून ठेवलं. रात्री घरी आले, वजू केला, नमाज पढले, जेवले. काही बोलले नाहीत. आठवड्यानं ती बाई पुन्हा आली. अम्मी दारातच उभी होती. अब्बांनी घमेलं पुढं ओढलं.

अमेरिकेतही 1920 ते 1933 दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरच्या वाईनला मुभा मिळाली, बियर राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला 1978 साल उजाडलं, अध्यक्ष कार्टर यांची सही झाली. आता दोन प्रौढांच्या घरात वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर, विकायची नसेल तर बिनकराची. आपल्याकडं 2009 मध्ये पुण्यात हॉटेलात ताजी बियर गाळणारी छोटी भट्टी परवान्यानं सुरू झाली, तिचं कौतुकही झालं. मोहाच्या फुलांवरचे निर्बंध सैल व्हायला 2021 उजाडलं. पाड्यावरच्या चुलीवरची भट्टी अजून गुन्हाच आहे.

त्या दिवशी फोनवर मित्र एकदम वैतागला. पिंपाच्या झाकणाखालचं रबराचं कडं जुनं झालं होतं, वायू गळत होता. मी म्हटलं, पाण्यात बुडवून बघ, बुडबुडा कुठून येतो ते.