वाकेन, पण मोडणार नाही

आमच्या घराण्याचा बाणा 'मोडेन, पण वाकणार नाही' असा. आजोबांनी आपली सागवानी खुर्चीसुद्धा त्याच बाण्याची करून घेतली होती. ती हलवायला चार माणसं लागत, आणि तिच्यातून आजोबांना हलवायला आजी.

पुढे मुंबईत इराण्याकडे चहाला बसू लागलो, तेव्हा वाकून राहणारी खुर्ची प्रथम भेटली. गोल बैठक, कमानदार पाठ, उचलावी तर एका हातात! हे घराणं मूळचं व्हिएन्नाचं. मिखाएल टोनेट नावाच्या सुतारानं १८५९ साली 'चौदा नंबर'ची खुर्ची काढली. करवतीनं गोलाई कापली की लाकडाच्या रेषा तुटतात आणि तिथंच ते दगा देतं. टोनेटनं बीचची काठी वाफेवर मऊ केली, तडकू नये म्हणून बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी आवळली आणि साच्यावर वाकवली. पाठ आणि मागचे दोन्ही पाय, सगळी मिळून एकच काठी! नक्षी नाही, फुलं नाहीत. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. म्हणून तर ती जगभर हिंडली.

आजोबांची खुर्ची मात्र नव्या फ्लॅटच्या जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडली. शेवटी तिचा एक हात कापावा लागला. करवत चालत असताना मी खाली जाऊन उभा राहिलो.

घराण्याचा बाणा मात्र तिनं राखला. मोडली, पण वाकली नाही.