पगारपत्रक नसलेल्यांचं घर

मंडळी, मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. त्या काळात माझ्याजवळची सर्वांत किमती वस्तू कोणती होती, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, पगाराचा दाखला. माझ्या बी.ए.च्या पदवीला मुरगुडात कुणी कधी हात लावून पाहिला नाही, पण त्या दाखल्यासाठी लोक घरी यायचे. शिंपी, सुतार, किराणा दुकानदार, टेम्पोवाले. "गुरुजी, जामीनदार म्हणून सही पाहिजे." त्यातल्या काहींची महिन्याची कमाई माझ्या पगारापेक्षा जास्त होती. तरी कर्ज देणाऱ्या संस्थेला माझी सही हवी असायची. त्यांच्या हातातली कला तिला तारण म्हणून चालत नव्हती.

हे असं का, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं होता. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा त्याचं उत्तर इतिहासात सापडलं. आपल्याकडं कर्जाच्या ज्या ज्या सुधारणा झाल्या, त्या आधी शेतकऱ्यासाठी झाल्या आणि नंतर पगारदारासाठी. स्वतःचा धंदा करून पोट भरणारा माणूस दोन्ही वेळा मधल्या फटीत राहिला.

सुरुवात सावकारापासून करू. सावकाराकडं घर ठेवायच्या तऱ्हा दोन-तीन. कब्जेगहाणात घराचा किंवा जमिनीचा ताबाच सावकाराकडं जायचा. नजरगहाणात ताबा आपल्याकडं, पण मालमत्तेवर बोजा. सर्वांत घातक ती मुदतखरेदी. कागदावर सरळ विक्री लिहायची आणि अमुक वर्षांत पैसे परत केले तर जिन्नस परत, असा तोंडी वायदा. मुदत चुकली की घर गेलं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली दुरुस्ती झाली. परत देण्याची अट त्याच खतात लिहिलेली असेल तरच त्या व्यवहाराला गहाण मानायचं, असं ठरलं. म्हणजे तोंडी वायद्यावर विसंबणाऱ्याला कायद्यानंही हात दिला नाही. माझ्या मते मुदतखरेदीच्या कागदांना आपली जुनी माणसं एवढी भ्यायची ती यामुळंच.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. 'दख्खनचे दंगे' म्हणून आपण ते शाळेत शिकलो. दंगेकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, हे लक्षात घ्या. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. नुसत्या रोख्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासावा, असं त्यानं न्यायालयाला सांगितलं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही बंद झालं. मोठीच गोष्ट. पण 'शेतकरी' कोण? ज्याचा चरितार्थ सर्वस्वी किंवा मुख्यतः शेतीवर चालतो तो. त्याच गावातला विणकर किंवा शिंपी, ज्याचं पोट मागावर किंवा सुईवर, त्या व्याख्येत बसला नाही.

आमचा भाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात, म्हणजे ब्रिटिश मुलखाबाहेर. इथं आशेचा किरण आला तो सहकारातून. जर्मनीत दोन गृहस्थांनी दोन वाटा पाडल्या होत्या. रायफायझेन यांनी खेड्यातल्या शेतकऱ्यांसाठी पतसंस्था काढल्या, तर शुल्झ-डेलिच यांनी १८५० मध्ये शहरातल्या कारागीर आणि छोट्या व्यापाऱ्यांसाठी. हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला, त्यातही ग्रामीण आणि नागरी असे दोन प्रकार होते. मुंबई इलाख्यातली पहिली संस्था १९०५ साली धारवाडकडं कणगिनहाळला निघाली. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१३ साली कोल्हापूर अर्बन सोसायटी उभी राहिली. बिनपगारी माणसाला पत देणारी आपल्याकडची पहिली वाट हीच, नागरी सहकाराची. कर्ज मागणाऱ्याला ओळखणारी माणसंच संचालक मंडळावर असायची. कोणाच्या दुकानावर गिऱ्हाईक असतं आणि कोण उधारीत बुडालाय, हे त्यांना वेगळं विचारावं लागत नसे.

अडचण एकच होती. असल्या संस्थेचं कर्ज मालासाठी, यंत्रासाठी, लग्नासाठी, आणि मुदत दोन-चार वर्षांची. तेवढ्या मुदतीत घर होत नाही. म्हणून आमच्याकडं घरं खोलीखोलीनं झाली. माझ्या एका शिंपीमित्राच्या सहा खोल्यांना बारा वर्षं लागली आणि कर्जं चार. दर कर्जाला जामीनदार मी.

जामीनदार पगारदारच का हवा, याचंही उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, याच्या कलम ४९ प्रमाणं सभासदानं तसा करार करून दिला असेल, तर त्याचा हप्ता मालकानं पगारातूनच कापून संस्थेला द्यायचा. वसुलीची यापेक्षा निर्धास्त सोय नाही. शिंप्याच्या गिऱ्हाइकाला असं पत्र पाठवता येत नाही.

मग १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एच.डी.एफ.सी. काढली. घर म्हातारपणी फंडाच्या पैशातून बांधायचं नसून तरुणपणी कर्ज काढून बांधायचं आणि कमावता कमावता फेडायचं, हा विचार मध्यमवर्गात रुजला. १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली. पण पंधरा-वीस वर्षांच्या कर्जाला पुढची पंधरा-वीस वर्षं दिसावी लागतात. नोकरदाराची ती पगारपत्रकावर दिसतात, धंदेवाल्याची कुठं बघायची? बँकांनी उत्तर काढलं, गेल्या दोन-तीन वर्षांच्या आयकर विवरणपत्रांत.

आणि इथंच आमची माणसं अडकतात. एक साधा हिशेब मांडतो, शिक्षकाची खोड आहे. समजा एका वेल्डिंगवाल्या पोराची वर्षाची उलाढाल २० लाख. छोट्या धंद्याला अंदाजित उत्पन्नाची सवलत आहे. रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के नफा दाखवला की हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. तो १ लाख ६० हजार दाखवतो, म्हणजे महिना १३,३३३ रुपये. बँकेनं त्यातले निम्मे हप्त्याला धरले, व्याज ९ टक्के आणि मुदत १५ वर्षं, तर कर्ज बसतं साधारण साडेसहा लाख. त्याची खरी कमाई मात्र महिना ३० हजार आहे. ती दाखवली असती तर याच हिशेबानं १५ लाखांच्या जवळ गेलं असतं. ८ टक्के ही किमान मर्यादा आहे, प्रत्यक्षात जास्त मिळालं तर जास्तच दाखवायचं, हेही त्याच कायद्यात आहे. आणि भीती कशाची? ३ लाख ६० हजारांवर कर किती? नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून ४ लाखांपर्यंत शून्य.

दुसरी अडचण घराच्या कागदांची. गावठाणातलं घर पिढ्यान्‌पिढ्या आपलं असतं, पण हातात असतो घरपट्टीचा उतारा. तो कर आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. खेड्यांतल्या अशा घरांना मालमत्तापत्रक मिळावं म्हणून २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. जिथं मालमत्तापत्रक आहे तिथं त्यावर आजोबांचं नाव आणि वारस अकरा. त्यातली एक आत्या सांगलीला, एक चुलतभाऊ दुबईत. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत सिमेंटचा भाव वाढलेला असतो.

सावकार घरबसल्या कर्ज देई आणि घरबसल्या घर घेई. आता २००० साली स्थापन झालेली सिबिल आपली परतफेड नोंदवते आणि २०११ पासून गहाणांची केंद्रीय नोंदवही आहे. कागद वाढले याचा मला राग नाही. व्यवहार लिहिलेला असावा, हे मुदतखरेदीत घर गमावलेल्यांनी फार महागात शिकवलंय. आता जामीनदार गुरुजींचे दिवसही संपत आले. आमच्या वेळची कायम नोकरीच उरली नाही, तर पगाराचा दाखला कुणाच्या उपयोगी पडणार?

म्हणून नात्यातल्या धंदेवाल्या पोरांना सांगणं एवढंच. घर बांधायच्या तीन वर्षं आधीपासून खरी कमाई लिहायला लागा. गिऱ्हाइकाचे पैसे बँकेत येऊ द्या. वारसनोंदी आई-वडील हयात असताना उरकून घ्या. आणि कर्ज फिटल्यावर उताऱ्यावरचा बोजा कमी केल्याची नोंद स्वतः डोळ्यांनी बघा. फिटलेल्या कर्जाचा बोजा वीस-वीस वर्षं तसाच राहिलेला मी पाहिलाय.

असो. तुमच्या घरच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांचं एखादं गहाणखत असेल तर ते वाचून काय लिहिलंय ते मला जरूर कळवा. मोडी असेल तरी चालेल, अजून वाचता येते.